गाठोड्यातला जास्तीचा तास

"घड्याळाला काय जातंय मागे यायला. गुडघ्यांना विचारा म्हणावं."

हे सासूबाई पुटपुटल्या ते माझ्या मानेशी. आमच्या स्वयंपाकघरात तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा लागतो. हे स्टुलावर उभे होते, स्टूल मी धरलं होतं आणि सासूबाईंनी माझा खांदा धरला होता. त्यांना पडायची भीती होती की मला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्याकडे उन्हाळा आला की सरकार सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे करतं आणि थंडीची चाहूल लागली की तेवढीच मागे आणतं. कशासाठी, ते दर वर्षी वर्तमानपत्रात छापून येतं आणि दर वर्षी आम्ही ते विसरतो. घरातली बाकीची कामं ह्यांना दिसत नाहीत, पण घड्याळं बदलायचं काम म्हणजे जणू सरकारने ह्यांना नावानिशी पत्र पाठवून सोपवलेलं. खांद्यावर फडकं टाकून हे खोलीखोलीतून फिरतात. भिंतीवरचं, गजराचं, मनगटावरचं. मायक्रोवेव्हच्या घड्याळाची कळ कुणालाच सापडलेली नाही, त्यामुळे ते वर्षातले सहा महिने बरोबर असतं आणि उरलेले सहा महिने आम्ही मनातल्या मनात वजाबाकी करतो.

"आता कॉम्प्युटर," हे स्टुलावरून उतरत म्हणाले.

"त्याला हात लावू नका," मी म्हटलं. "तो आपलं आपण करतो."

हे मी ज्या अभिमानाने म्हटलं, तो अभिमान पुढे तीन आठवड्यांत इमारतीच्या जिन्यावरून गडगडत तळमजल्यापर्यंत गेला. पण ते ओघाने येईल.

आमच्या इमारतीला चाळीस वर्षं पूर्ण होत होती आणि समितीने स्मरणिका काढायचं ठरवलं होतं. रहिवाशांनी आठवणी लिहायच्या, त्या छापायच्या आणि तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चहा पीत प्रकाशन करायचं. संपादक म्हणून माझं नाव एकमताने आलं. एकमत व्हायचं कारण असं, की टाइप करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पण मी ते कारण ऐकलं नाही असं दाखवलं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली होती. त्यावर मी एकटीने, चुकत-माकत, रुसत-फुगत सगळं शिकले होते. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे मला कुणी नापासही करू शकलं नव्हतं. आणि आता पहिल्याच पानावर छापून येणार होतं: 'संपादन, काटछाट व संगणक', पुढे माझं नाव. ही ओळ मी निरनिराळ्या अक्षरांत लावून पाहिली होती. जाड अक्षरांत ती फारच शोभत होती.

काटछाटीची माझी एक पद्धत होती. लग्नाआधी मी शिवणकाम करत असे. कापडाला कात्री लावण्याआधी कागदाचा नमुना जपून ठेवायचा हे तेव्हापासून हाताला लागलेलं. म्हणून कुणाचाही लेख आला की मी तो आधी शब्दन् शब्द टाइप करायची. मग त्याची प्रत झिपमध्ये बांधून ठेवायची. झिप म्हणजे फायलींचं गाठोडं. दाबून, घड्या घालून, गाठ मारून ठेवलेलं. पुढे कुणी भांडायला आलंच तर सोडून दाखवायचं, हे बघा तुमचं मूळ. एकदा गाठ मारली की मग बाहेर राहिलेल्या फायलीवर कात्री चालवायची आणि त्याच नावाने ती ठेवून द्यायची. त्याच नावाने का, तर एकदा मी 'नवा', 'नवा नवा', 'शेवटचा' आणि 'अगदी शेवटचा' अशा फायली केल्या होत्या आणि ह्यांनी 'नवा नवा' छापून आणला होता.

दुसरा नियम असा, की गाठ मारली की लगेच कापायचं. रात्रभर लेख तसाच राहिला तर मला लिहिणाऱ्याची दया येते. चहा निवायच्या आत, डाळ शिजायच्या आत, जे काय कापायचं ते कापून मोकळं व्हायचं. एकही लेख मी तासाभरापेक्षा जास्त समोर ठेवला नाही. अपवाद फक्त समितीच्या सेक्रेटरींचा. त्यांचा लेख 'मी आणि पाण्याची टाकी' या विषयावर होता. त्यात टाकी थोडी आणि मी फार. शिवाय ते स्वतः माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. एकेका वाक्यासाठी अख्खी दुपार भांडण झालं. संध्याकाळी ते उठले तेव्हा लेख पानभर उरला होता आणि आमच्या घरातली बिस्किटं संपली होती.

बाकीचे बिचारे निमूट होते. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर लिहून देऊन गेले. त्यांच्या लेखात दीड पान आठवणी आणि तीन पानं त्यांच्या डोक्यावर राहणाऱ्या व्यायामवाल्या ताई होत्या. ताई पहाटे दोरीवरच्या उड्या मारतात आणि डॉक्टरांच्या छताचा चुना चहात पडतो. ताईंच्या लेखात बरोबर तेवढीच पानं डॉक्टरांच्या यंत्राच्या घरघरीवर होती. मी दोन्हीकडची ती पानं काढून टाकली आणि शेजारधर्म तेवढा ठेवला. प्राध्यापकांनी 'जिना: एक चिंतन' लिहिलं होतं. त्यातलं चिंतन काढलं आणि जिना ठेवला.

आणि मग सासूबाईंचा लेख.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अख्खी नोकरी कानाला यंत्र लावून गेली. अजूनही कुणी दारातून हाक मारली तर आवाजावरून ओळखतात, कुणाला सर्दी झालीय आणि कुणाचं घरात भांडण झालंय. त्यांनी सोफ्याची गोष्ट लिहिली होती. त्या आणि सासरे नवे-नवे राहायला आले तेव्हा त्यांचा सोफा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. हमाल निघून गेले. लिफ्ट तेव्हा नव्हती, मग वर जाणारा-येणारा प्रत्येक माणूस त्या सोफ्यावरूनच पलीकडे जायचा. चढताना दम लागलेला असायचा, म्हणून जरा टेकायचा. टेकला की बोलायचा. सासूबाई वरून चहा आणायच्या. इमारतीतली माणसं एकमेकांना ओळखायला लागली ती त्या अडकलेल्या सोफ्यावर, आणि समितीची पहिली सभाही तिथेच झाली. शेवटी सासऱ्यांनी करवतीने एक पाय कापला आणि सोफा घरात आला.

सुंदर गोष्ट आहे. मी ती टाइप करताना हसले. पान उलटलं. पुढच्या पानावर एक्स्चेंजच्या दोन-चार आठवणी, आणि मग सोफा पुन्हा जिन्यात अडकला. तेच वळण, तेच हमाल, तोच चहा. फक्त या वेळी पाय खालच्या सुताराने कापला. आणखी दोन पानांनी सोफा तिसऱ्यांदा अडकला, तेव्हा तो पाय सासूबाईंनी स्वतः कापला होता.

मी टाइप करायची थांबले.

घरात गेले काही महिने काहीतरी चाललं होतं आणि त्याला आम्ही कुणी नाव देत नव्हतो. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. आमच्या कमावत्या लेकीबद्दल, "शाळेतून आली का गं ती?" असं विचारणं व्हायचं. सोफ्याची गोष्ट तर जेवताना एकदा आणि आवरताना पुन्हा व्हायची. हे म्हणायचे, आई थकली आहे. लेक फोनवर म्हणायची, आजीला जुनं सगळं आठवतं, उलट जास्तच आठवतं. मी म्हणायचे, हवा बदलली की असं होतं. हवा येऊन-जाऊन किती बदलणार, पण आम्ही तिघं त्या हवेला धरून होतो. गोष्ट दुसऱ्यांदा सुरू झाली की आम्ही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे भुवया वर करायचो आणि हमाल निघून गेले की हसायचो. त्या हसण्यात आम्ही इतके तयार झालो होतो, की एखाद्या नाटक कंपनीने उचलून न्यावं.

पण छापून आलेल्या कागदापुढे भुवया वर करून भागत नाही. सगळी इमारत वाचणार. सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. त्या उठायच्या आत मी गाठ मारली, दोन सोफे उचलून बाहेर टाकले, एक ठेवला. सासऱ्यांनी कापलेला. उरलेला मजकूर इतका नीट जोडला, की शिवण कुठे आहे ते मलाही सापडेना. माझ्या संपादनातलं तेवढंच काम मी स्मरणिकेसाठी केलं नव्हतं.

हे सगळं उन्हाळ्यातलं. नंतर घड्याळं मागे आली, ते वर सांगितलंच. त्यानंतर चारेक दिवसांनी छापखान्याला द्यायच्या फायली गोळा करताना लक्षात आलं, की इमारतीच्या पायाभरणीचा जुना फोटो गायब आहे. कॉम्प्युटरची साफसफाई करण्याच्या भरात मी तो टाकून दिला होता. घाबरायचं कारण नव्हतं. लेखांबरोबर फोटोचीही प्रत मी त्याच एका गाठोड्यात ठेवली होती. मी गाठोडं सोडायला घेतलं, तर कॉम्प्युटरने विचारलं: आत ज्या फायली आहेत त्याच नावाच्या बाहेरही आहेत. सगळ्यांवर टाकू? कुणावरच नको? की बाहेरची फाईल जुनी असेल तरच तिच्यावर टाकू?

असा समंजस प्रश्न मला घरातल्या कुणी आजवर विचारलेला नाही. मी खुर्चीत ताठ बसून विचार केला. बाहेरच्या फायली कापलेल्या, म्हणजे नंतरच्या, म्हणजे नव्या. आतल्या मूळ, म्हणजे जुन्या. मग तिसरा पर्याय. नव्याला धक्का लागणार नाही आणि नसलेला फोटो तेवढा बाहेर येईल. मी तिसरा दाबला. फोटो आला. मी ह्यांना बोलावून तो दाखवला, हे म्हणाले व्वा, आणि मी सगळं छापखान्याला पाठवून दिलं.

पुन्हा उघडून बघितलं नाही. माझी कात्री मला पाठ होती.

प्रुफांच्या बाबतीत समितीचा एक नियम होता. मागे एकदा सूचनाफलकावरच्या मजकुरांची प्रुफं सगळ्यांनी सगळ्यांची वाचली आणि दोन कुटुंबं वर्षभर लिफ्टमध्ये एकत्र चढली नाहीत. तेव्हापासून ठरलं होतं, की ज्याने त्याने आपापलंच वाचायचं, सही करायची आणि पाकीट बंद करून परत द्यायचं. संपादकानेसुद्धा दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही. इतकी चोख व्यवस्था असूनही गोंधळ झाला असं लोक म्हणतात. मी म्हणते, इतकी चोख व्यवस्था होती म्हणूनच झाला.

पाकिटं आश्चर्य वाटावं इतकी भराभर परत आली. डॉक्टर जिन्यात थांबून म्हणाले, "वहिनी, मन मोठं आहे तुमचं." ताईंनी मला चालत्या दोरीवरून हात केला. प्राध्यापक दाराशी येऊन उभे राहिले, त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, चांगल्या कात्रीची किंमत कळायला माणूस शिकलेलाच लागतो. सासूबाईंनी आपलं पाकीट खोलीत नेलं, चष्मा लावून वाचलं आणि मला परत देताना म्हणाल्या, "छान झालंय गं. काही म्हणून राहिलं नाही."

एकट्या सेक्रेटरींनी सही करताना पेनाने कागद फाडला.

मध्ये छापखान्यातून फोन आला होता, पानं बरीच वाढली आहेत म्हणून. मी बाजारात गेले होते. फोन ह्यांनी घेतला आणि ठामपणे सांगितलं, की ज्येष्ठांसाठी अक्षर मोठं घेतलंय, पानं वाढणारच. कुठलीही गोष्ट माहीत नसताना ठामपणे सांगायची ह्यांची हातोटी नोकरीत फार उपयोगी पडली असं ऐकून आहे.

गठ्ठे आले ते प्रकाशनाच्या आठवडाभर आधी. मी पहिली प्रत उघडली. 'संपादन, काटछाट व संगणक', जाड अक्षरांत, झकास. मग उगाच, हात लावून बघावा तसं सासूबाईंचं पान काढलं. सोफा अडकला. पान उलटलं. सोफा अडकला.

तिसऱ्यांदा अडकेपर्यंत मी वाचलंच नाही. तशीच चपला घालून खाली धावले, सगळ्या प्रती गोळा करून आणायच्या म्हणून. पण सेक्रेटरी नको तेव्हा तत्पर असतात. एकेक प्रत प्रत्येकाच्या पत्रपेटीत पडली होती आणि पेट्या रिकाम्याही झाल्या होत्या.

"स्मरणिका कुणी वाचत नाही गं," हे मला धीर देत म्हणाले.

त्या दिवशी आमच्या इमारतीत दुसरं काहीही झालं नाही. लोक वाचत होते. टीव्हीचे आवाज बंद होते. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरून डॉक्टर स्मरणिका हातात धरून वर गेले आणि त्याच वेळी ताई स्मरणिका हातात धरून खाली निघाल्या होत्या. दोघांची गाठ मधल्या वळणावर पडली. मी वर चौथ्या मजल्यावर दार किलकिलं करून जिन्याकडे कान लावून बसले होते, मारामारी झालीच तर सोडवायला. ताई म्हणाल्या, छताचा चुना खरंच चहात पडतो का? डॉक्टर म्हणाले, घरघर खरंच एवढी ऐकू येते? मग दोघं पायरीवर बसले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, कारण माझी डाळ लागली.

खालच्या-वरच्या सगळ्या मजल्यांवर हेच चाललं होतं. जे जे मी शेजारधर्माच्या नावाखाली काढून टाकलं होतं ते सगळं छापून आलं होतं आणि लोकांना ते फार आवडलं होतं. भेटेल तो मला म्हणत होता, वहिनी, तुम्ही शब्दाला हात लावला नाहीत. अशी स्तुती ऐकणाऱ्या संपादकाने कुठे बघावं ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

सोफ्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. डॉक्टर "आईंचा लेख वाचला" म्हणाले आणि हवेचा विषय काढला. ताईंनी माझा हात दाबला. म्हणजे कळलं होतं सगळ्यांना.

चौकशी सुरू झाली ती सेक्रेटरींमुळे. एवढ्या मोठ्या स्मरणिकेत कापलेला लेख त्यांचा एकट्याचाच होता. त्यांनी तीन माणसांची उपसमिती नेमली, तिचं अध्यक्षपद स्वतःला दिलं आणि मला खुलाशासाठी बोलावलं. त्याआधी मी दोन दिवस कॉम्प्युटरपुढे बसून होते. शेजाऱ्यांचे सल्ले चालूच होते. डॉक्टरांच्या मते तो विषाणू होता, आणि त्यांनी मला खरोखर हात धुवायला सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, यंत्रालाही शेवटी आत्मा असतो. हे म्हणाले, मी तेव्हाच म्हणत होतो कॉम्प्युटरचं घड्याळ मी बदलतो.

हे चुकून बरोबर बोलतात तेव्हा मला सगळ्यात जास्त राग येतो. मी फायलींच्या वेळा बघितल्या. गाठोड्यातला प्रत्येक लेख, मी गाठ मारली तेव्हाचीच वेळ दाखवत होता. पण कॉम्प्युटरवरच्या उन्हाळ्यातल्या बाकी सगळ्या फायली, ज्यांचा गाठोड्याशी संबंध नव्हता त्यासुद्धा, एकेक तास मागे सरकल्या होत्या. दुपारी जेवणानंतर लिहिलेलं वाणसामान जेवणाआधीचं दिसत होतं. लेकीला फोन केला. ती असल्याच कामात असते. तिने ऐकून घेतलं, फोन बाजूला ठेवून पोटभर हसून घेतलं आणि मग सांगितलं.

तेच मी उपसमितीला सांगितलं. कॉम्प्युटर, म्हटलं, पोटात एकच वेळ ठेवतो, सरकार काहीही म्हणो. उन्हाळा असेल तर आपल्याला दाखवताना तो तासभर जास्त दाखवतो आणि उन्हाळा संपला की ते बंद करतो. तुमचा लेख उन्हाळ्यातला का असेना, माझं जुनं यंत्र आजच्या हिशेबानेच दाखवतं. म्हणून सगळं तासभर आधीचं झालं. पण गाठोड्याला पोट नाही. गाठ मारताना भिंतीवरचं घड्याळ जे दाखवत होतं तेवढंच ते लिहून घेतं. तेव्हा उन्हाळा होता की हिवाळा हे लिहीत नाही. घड्याळं मागे आली तेव्हा बाहेरच्या कापलेल्या फायली मागे गेल्या आणि आतल्या मूळ फायली जागच्या जागी राहिल्या. मी गाठ मारल्यावर तासाच्या आत ज्यांना कापलं होतं, त्यांचं मूळच आता नवं दिसायला लागलं. आणि मी त्याला सांगितलं होतं, जे नवं असेल ते ठेव.

मग सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे माझा लेख कापायला तुम्ही तासापेक्षा जास्त वेळ घेतलात, म्हणून तो कापलेला राहिला?"

"अख्खी दुपार घेतली," मी म्हटलं. "तुम्हीच बसला होतात."

"मी नसतो बसलो तर?"

"तर पूर्ण छापून आला असता."

त्यांचा चेहरा मला बघवला नाही. शेवटी ठराव झाला, की यापुढे इमारतीतलं कुठलंही संपादन घड्याळं बदलण्याच्या सुमारास करू नये आणि 'मी आणि पाण्याची टाकी' हा लेख संपूर्ण स्वरूपात सूचनाफलकावर लावावा. तो अजून आहे. खाली लोंबतो.

मला मात्र त्या ठरावाने काही मिळालं नव्हतं. प्रकाशन दोन दिवसांवर आलं होतं आणि सासूबाई नवी साडी काढून बसल्या होत्या. त्यांनी भाषण करायचं ठरवलं होतं. इमारतीतल्या सगळ्यात जुन्या रहिवासी त्याच, आणि माइक म्हटला की एक्स्चेंजच्या बाईला आवरणं कठीण. हे म्हणाले, आईला बरं नाही असं सांगू. मी म्हटलं, ती आत्ता चार मजले उतरून फुलं घेऊन आली आहे. हे म्हणाले, मग आपल्यालाच बरं नाही असं सांगू. लेक मुद्दाम सुटी काढून आली आणि हॉलमध्ये आजीच्या शेजारची खुर्ची पकडायचं तिने ठरवून टाकलं. आम्ही एकीकडे साडीच्या निऱ्या नीट करत होतो, एकीकडे हवेबद्दल बोलत होतो.

हॉल भरला होता. चहा झाला. सेक्रेटरींनी टाकीबद्दल प्रास्ताविक केलं. मग प्राध्यापक उठले. त्यांनी स्मरणिकेवर बोलायचं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, या संपूर्ण अंकात एकच लेख असा आहे की ज्याने मला झोपू दिलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. प्राध्यापक सांगत होते, एकच सोफा, एकच वळण, पण तीन वेळा. आणि प्रत्येक वेळी कापणारा हात वेगळा. आधी पती, मग कारागीर, आणि शेवटी, मित्रहो, शेवटी ती स्वतः. हा केवळ सोफा नाही. हा एका स्त्रीचा स्वतःच्या हातांपर्यंत झालेला प्रवास आहे. इतकी धाडसी रचना हल्लीच्या लेखकांनाही साधत नाही.

टाळ्या पडल्या. जरा जास्तच पडल्या. मी आजूबाजूला बघितलं, तर डॉक्टर खाली मान घालून टाळ्या वाजवत होते आणि ताई माझ्याकडे बघून वाजवत होत्या. तेव्हा मला समजलं, की प्राध्यापकांनाही सगळं ठाऊक आहे. आम्ही तिघं घरात जे करत होतो तेच आता अख्खी इमारत मिळून करत होती.

सासूबाई उठल्या. लेकीने हात दिला तो त्यांनी बाजूला केला. माइकजवळ जाऊन, एक्स्चेंजमध्ये करायच्या तसं, आधी बोटाने टकटक करून लाइन चालू आहे ना ते बघितलं.

"प्राध्यापक फार छान बोलले," त्या म्हणाल्या. "पण रचना वगैरे काही नाही हो त्यात. मी विसरते. एकदा लिहिलंय हे विसरले, म्हणून परत लिहिलं. तेही विसरले, म्हणून तिसऱ्यांदा."

त्यांनी स्मरणिकेची प्रत वर धरून दाखवली.

"छापून आलं ते बरं झालं. हातात घेऊन वाचलं तेव्हा मला दिसलं. घरातले सांगत नाहीत. हसतात. मी जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेत. पहिल्यांदा ऐकणारा माणूस उशिरा हसतो. ही माझी सून हमाल निघून जायच्या आतच हसते." माझ्याकडे बघून त्या हसल्या. "अख्खा गाव तासभर मागे जातो त्याची वर्तमानपत्रात बातमी देतात. मी जरा मागे गेले तर सगळे हवेबद्दल बोलतात. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, एकमेकांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. आता सांगितलं. यापुढे मी परत काही सांगायला लागले तर पहिल्यांदा ऐकल्यासारखं करू नका. सरळ म्हणा, की हे सांगून झालंय."

हे उठून उभे राहिले होते. कशासाठी ते त्यांना माहीत नसावं, कारण ते तसेच उभे राहिले. लेक माझा हात घट्ट धरून रडत होती आणि हसतही होती, आणि मला दोन्हींतलं काय करावं ते सुचत नव्हतं.

सासूबाईंनी पदर सारखा केला, माइक जरा जवळ घेतला आणि म्हणाल्या, "तर आम्ही नवे-नवे राहायला आलो, तेव्हा सोफा जिन्यात अडकला."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी उभी राहिले. सांगितलं होतं तसंच केलं.

"आई," मी म्हटलं, "हे सांगून झालंय."

"माहीत आहे गं मला," सासूबाई म्हणाल्या. "पण पाय खरा कुणी कापला ते अजून कुठे सांगितलंय. बस खाली."